गाडीतून उतरल्यावर

पुलावर गाडी थांबली, पडद्यावरचा माणूस दार उघडून खाली उतरला, आणि त्याच क्षणी खेळणाऱ्याच्या हातांनी कंट्रोलर डावीकडे पुढे केला. हातांनीच केला, त्याला विचारायच्या भानगडीत ते पडले नाहीत. डावीकडच्या खुर्चीत मांडणीवाली बसली होती. मासिकाची पानं लावायचं काम तिचं, आणि परीक्षणासोबत टाकायची चित्रं पडद्यावरूनच उचलायची असल्याने गेले तीन दिवस ती अधूनमधून या बिनखिडकीच्या खोलीत येऊन बसत होती. तिने चष्म्याच्या वरून आधी कंट्रोलरकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. “मला कशाला देतोस?” ती म्हणाली. “माझा माणूस सरळ भिंतीत चालत जातो.” त्याने हात मागे घेतला. तेवढ्यात पडद्यावर कठड्याशी उभ्या असलेल्या टोपीवाल्याने मागे वळून पाहिलं, काय ते ओळखलं आणि लख्ख उजेडात पळत सुटला. पडदा काळा झाला. काम फसलं, पुन्हा प्रयत्न करा. ही सतरावी वेळ होती.

असं आजवर कधी झालं नव्हतं. पंधरा वर्षं तो गेम खेळून त्यांची परीक्षणं लिहीत होता. त्या काळात त्याने पडद्यावर राज्यं घालवली, ग्रह जाळले, शेकड्याने माणसं मारली, आणि दर वेळी नीट जेवला. कंट्रोलर कुणाच्या हातात द्यावा असं त्याला एकदाही वाटलं नव्हतं. पण हा गेम वेगळा, म्हणजे निदान तो तसं सांगत आला होता. अठ्ठावीस वर्षांपूर्वीचा हा गुन्हेगारी गेम. एक साधा टॅक्सीवाला एका टोळीच्या हाती सापडतो, टोळीची गाडी हाकता हाकता त्यातलाच एक होतो, आणि शेवटाच्या जरा आधी त्याला हुकूम मिळतो की ज्याने तुला हे सगळं शिकवलं, त्या तुझ्या टोपीवाल्या जोडीदाराला पुलावर नेऊन संपव. तोच गेम आता नव्याने करून बाजारात आणला होता, जुनी भिंत खरवडून नवा रंग द्यावा तसा, आणि परीक्षण लिहायचं काम न विचारता त्याच्या गळ्यात पडलं होतं. याच्याइतका हा गेम कुणाला ठाऊक आहे, असं संपादकबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या. त्याने मान खाली घालून ते ऐकून घेतलं होतं. विनय दिसला असेल लोकांना.

मासिकाच्या प्रत्येक परीक्षणाखाली एक चौकट असते. डावीकडे ‘जमलंय’, उजवीकडे ‘फसलंय’, दोन्हीकडे तीन-तीन ओळी. बाकीचं परीक्षण कुणी वाचत नाही, हे कार्यालयात सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. डावी बाजू त्याने पहिल्या दिवशीच भरून टाकली होती. माणसांचे चेहरे: पूर्वी टोपीखाली चार डाग असायचे, आता टोपीवाल्याच्या वरच्या ओठावरचा घाम दिसत होता. गाड्या: जुन्या गाड्या साबणासारख्या निसटायच्या, या जड होत्या, वळणावर त्यांचं वजन हाताला कळत होतं. आवाज: ओल्या रस्त्यावरून चाक गेलं की अंगावर शहारा यायचा. तिन्ही ओळी खऱ्या होत्या, आणि त्या लिहिताना त्याची चिडचिडच होत होती. चांगल्याला चांगलं म्हणायला आपलं काही जात नाही, मग आपल्या पोटात का दुखतंय, हे त्याला कळत नव्हतं. उजवीकडे मात्र एकच ओळ होती: धुकं काढून टाकलं.

जुन्या गेममधल्या शहरावर कायम धुकं असायचं. त्यात काही कविता नव्हती. त्या काळच्या यंत्राला लांबचं काही काढून दाखवायची ताकद नव्हती, म्हणून करणाऱ्यांनी पन्नास पावलांच्या पुढे सगळं पांढरं करून टाकलं होतं. पण अकरा वर्षांच्या माणसाला हे कोण सांगणार? त्याला वाटायचं, हे शहर संपतच नाही. धुक्यातून एक इमारत वर यायची, मग चौक, मग घड्याळाचा मनोरा, आणि त्यामागे आणखी काहीतरी आहे अशी धास्ती असायची. आता नव्या यंत्राला सगळंच दिसतं. पहिल्याच दिवशी तो टॅक्सी घेऊन टेकडीवर गेला आणि बघतो तर काय, अख्खं शहर या टोकापासून त्या टोकापर्यंत समोर पसरलेलं. एवढंसं. घड्याळाच्या मनोऱ्यापासून बंदरापर्यंत तीन गल्ल्या. याच तीन गल्ल्यांत दादाने आणि त्याने एक अख्खी सुट्टी वाट शोधण्यात काढली होती, आणि दादाने कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने नकाशा काढला होता, चुकीचं वळण लाल आणि बरोबर वळण निळं. नव्या गेममध्ये नकाशा लागतच नाही. रस्त्यावर एक पिवळी रेघ उमटते, ती म्हणेल तिकडे जायचं. चुकायची सोयच ठेवलेली नाही. त्याने ती रेघ बंद करायचं बटण शोधण्यात अर्धा तास घालवला, आणि ते सापडल्यावर दुसऱ्याच वळणाला चुकून गोदीत जाऊन पडला. मग मुकाट्याने रेघ पुन्हा चालू केली. याचा राग कुणावर काढायचा तेही ठरेना.

घरात कंट्रोलर एकच होता. रिमोट म्हणायचे ते त्याला. गेम एकट्याने खेळायचा, आणि खेळणारे दोन. पहिल्या आठवड्यात रिमोटवरून इतकी मारामारी झाली की बाबांनी तो कपाटावर टाकून दिला. मग दादाने तोडगा काढला. दादा सहा वर्षांनी मोठा, आणि तोडगे काढणं हा त्याचा जन्मजात स्वभाव. माणूस गाडीत असेल तोवर रिमोट बारक्याचा, म्हणजे याचा, गाडीतून उतरला की दादाचा. गाडी, टॅक्सी, ट्रक, बंदरातली मोटारबोटसुद्धा त्याची. चालणं, बोलणं, चढणं आणि गोळ्या दादाच्या. हा नियम पुढे इतका अंगात मुरला की दाराचा आवाज झाला की रिमोट आपोआप डावीकडे जायचा, आणि पुन्हा दार लागलं की उजवीकडे यायचा. बोलावं लागत नसे. मधे आई यायची, म्हणायची, दोघं मिळून एकच माणूस झालात की रे, त्यालाही जेवायला बोलवा.

आणि मग तो पूल. हुकूम मिळाला तेव्हा गाडी त्याच्या हातात होती, शेजारच्या जागेवर टोपीवाला बसला होता आणि नेहमीसारखा बडबडत होता. वळणाआधी गिअर कसा टाकावा, त्याच्या बहिणीची पोरं काय करतात, कुठल्या दुकानात चांगले बूट मिळतात. अकरा वाक्यं होती, तीच फिरून फिरून यायची, ती त्याला पाठ होती. पुलाच्या मध्यावर थांबायचं, टोपीवाला उतरेल, मग तू उतर आणि गोळी घाल. त्याने गाडी पुलाच्या तोंडाशीच उभी केली आणि तो रडायला लागला. अकरा वर्षांचा घोडा, गेममधल्या माणसासाठी हुंदके देऊन रडला. दादा हसला नाही. त्याने नियम मोडून रिमोट हातात घेतला, गाडी मागेपुढे केली, आणि पुलाच्या कठड्यात करणाऱ्यांच्या हलगर्जीपणाने जी एक फट राहून गेली होती, तीत पुढचं चाक नेऊन बरोबर अडकवलं. आता टोपीवाल्याचं दार कठड्याला लागलेलं. त्याला उतरता येईना. तो उतरल्याशिवाय पुढचं काही सुरू होईना. तो आपला बसून राहिला आणि बुटांबद्दल बोलत राहिला. “झालं,” दादा म्हणाला. “गेम इथेच संपतो.” त्यानंतर दोन वर्षं गेम पुलावरच उभा होता. शाळेतून यायचं, गेम लावायचा, टोपीवाला जिवंत आहे हे बघायचं, आणि मग जुन्या कामांपैकी एखादं काढून खेळायचं.

नव्या गेममध्ये कठडा सलग होता. पहिल्या दिवशी त्याने एकूण चाळीसेक वेळा गाडी त्याच्यावर नेऊन आदळली. वरच्या रंगाचा पोपडा किती छान निघाला होता, त्याखालचा गंज किती खरा, आणि फट कुठेही नाही. कुणीतरी यादी करून बसलं असणार: दोष क्रमांक अमुक, पुलाच्या कठड्यात चाक अडकते, दुरुस्त केला. त्या कुणाचा त्याला इतका राग आला की हाताची बोटं दुखायला लागली. चौकटीत उजवीकडे त्याने दुसरी ओळ लिहिली: पुलाच्या कठड्यातली फट बुजवली. मग स्वतःच खोडली. दोष दुरुस्त केला हा दोष, असं कोणत्या तोंडाने छापणार?

दुपारी दीड वाजता संपादकबाई दारात उभ्या राहिल्या. त्या कधी आत येत नाहीत. या खोलीत मोज्यांचा वास येतो असं त्यांचं म्हणणं आहे. “पाच वाजता पान बंद होतंय,” त्या म्हणाल्या. “तुझा आकडा बघितला मी आत्ता. एक्क्याण्णव टक्के. परवाही एक्क्याण्णव, कालही एक्क्याण्णव. तू तिथे राहायला गेलायस का?”

“बघतोय मॅडम. एका जागी घोडं अडलंय.”

“अडलं तर कुणाला तरी विचार. पण गेम संपल्याच्या शेवटच्या पाटीचा फोटो आल्याशिवाय परीक्षण जाणार नाही, हे तुला मी सांगायला नको.” गेम संपवल्याशिवाय परीक्षण नाही, हा मासिकाचा नियम. तो त्यांनीच केला होता, आणि केला तेव्हा सगळ्यात जोरात मान यानेच हलवली होती. जाता जाता त्या थांबल्या. “तुझा तो जुना लेख पुन्हा छापतेय सोबत. शेवटाबद्दलचा. लोक अजून मागतात तो.”

मांडणीवाली उठली आणि डबा खायला जाते म्हणाली. दाराशी तिने सहज विचारलं, “पण मग तेव्हा कसं पार केलं होतंस तू हे?” त्याने ऐकू न आल्यासारखं केलं. तेव्हा त्याने ते पार केलंच नव्हतं. दहा वर्षांपूर्वी जो लेख लिहून त्याचं नाव झालं, ‘या गेमचा शेवट पाहिलेला माणूस पूर्वीसारखा राहत नाही’ या वाक्याने जो सुरू होतो, तो त्याने लोकांनी ठिकठिकाणी लिहिलेलं वाचून, तुकडे जोडून लिहिला होता. शेवट त्याने पाहिलेला नव्हता. पाहावासा वाटला नव्हता. तो पूर्वीसारखाच राहिला होता. लेख आला त्या दिवशी एका वाचकाने पत्रात लिहिलं, तुम्ही माझ्या मनातलं लिहिलंत, आणि त्याने ते पत्र जपून ठेवलं होतं. आज पाच वाजेपर्यंत एक्क्याण्णव टक्के शंभर झाले नाहीत, तर बाईंना पुढचा प्रश्न सुचायला फार वेळ लागणार नव्हता. आणि शंभर व्हायला काय लागत होतं? एक बटण. उजव्या तर्जनीखालचं. मुंगी मारायला जेवढा जोर लागेल तेवढासुद्धा लागत नाही.

अठराव्या वेळी टोपीवाला उतरला, कठड्याला रेलला, नव्या नटाच्या नव्या आवाजात म्हणाला, “इथनं गार वारा येतो बघ,” आणि याने तर्जनी बटणावर ठेवली, आणि ती तिथेच राहिली. जुन्या अकरा वाक्यांत हे वाक्य नव्हतंच. असणार कसं? ते तर गाडीतून उतरल्यावरचं वाक्य होतं. लहानपणी त्याने ते कधी ऐकलंच नव्हतं. वीस सेकंद झाली, टोपीवाला वळला आणि पळाला. काम फसलं. त्याने कंट्रोलर सोफ्यावर फेकला आणि खिशातून फोन काढला. दादाला त्याने आपणहून फोन करून किती महिने झाले, हे मोजायला नको म्हणून त्याने लगेच नाव दाबलं.

दादा लिफ्ट दुरुस्त करतो. दुसऱ्या गावी असतो, वहिनी आणि दोन मुली, सगळं ठीक. सणवार म्हणून निरोप येतात, वाढदिवसाला फोन येतो, काय चाललंय, ठीक, तुझं, ठीक. भांडण झालेलं नाही. भांडण झालं असतं तर मिटलं असतं. नऊ वर्षांपूर्वी बाबा आजारी पडले तेव्हा हा परगावी शेवटच्या परीक्षेला बसला होता, तिशी आली तरी ती एक परीक्षा मागे लागलेली, आणि दादा रोज संध्याकाळी फोनवर सांगायचा, बाबा झोपलेत, बरं आहे, तू पेपर दे. बाबा मंगळवारी गेले. मंगळवारी संध्याकाळीही दादा म्हणाला, झोपलेत. गुरुवारी शेवटचा पेपर देऊन हा बाहेर आला तेव्हा फोन वाजला. घरी पोचला तर सगळं उरकलं होतं. पलंग धुऊन उन्हात टाकला होता, त्याच्या लोखंडी पट्ट्यांवरून अजून पाणी ठिबकत होतं. तो दादाला काही बोलला नाही. दादाही बोलला नाही. परीक्षेत तो नापास झाला, तेही कुणी बोललं नाही.

“बोल बारक्या,” दादा म्हणाला. मागे लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येत होता. “लिफ्टच्या टपावर बसलोय. आवाज घुमेल जरा.”

“दादा, तो पुलावरचा कठडा आठवतो?”

“कुठला पूल?”

“गेममधला. टोपीवाला. चाक अडकवायचो ते.”

दादा हसला. “अरे हो. मेला का तो शेवटी?”

“नवीन आलाय तो गेम. कठडा बुजवलाय त्यांनी. फटच नाही. म्हणजे एवढा पैसा ओतून केलाय, आणि नेमकी तीच जागा...” आपला आवाज चढतोय हे त्याला कळलं, पण आवरेना. “त्यांना काय कळतं? दुरुस्त करायला बसले की दिसेल ते दुरुस्त करतात. कुणाचं काय अडकलंय तिथे ते बघत नाहीत.”

“बरं केलं बुजवलं,” दादा म्हणाला. “फट होती ती. दार पुरतं लागलेलं नसताना लिफ्ट हलली, तर मी ती आठवण म्हणून तशीच ठेवू का?”

“तू तरी असं बोलू नकोस. तूच म्हणाला होतास, गेम इथेच संपतो.”

घासण्याचा आवाज थांबला. “बारक्या, माझं कॉलेज सकाळचं होतं,” दादा म्हणाला. “तुझी शाळा दुपारची.”

“मग?”

“मग काय. तू शाळेत गेलास की मी चाक काढायचो आणि पुढे खेळायचो. पाचसहा वेळा तरी संपवला असेन मी तो गेम. तू यायच्या आधी पुलावरचा जुना सेव्ह लावून ठेवायचो.”

मेमरी कार्डावर दोन सेव्ह, म्हणजे मधेच थांबवून साठवलेले दोन खेळ असायचे, हे त्याला आठवलं. दुसऱ्यावर एक बारीक चित्र होतं: लांब रस्ता, पहाटेचा उजेड, आणि गाडीत शेजारची जागा रिकामी. हा कुणाचा, असं त्याने एकदा विचारलं होतं. माझ्या मित्राचा आहे, हात लावू नकोस, असं दादा म्हणाला होता, आणि त्याने हात लावला नव्हता. दोन वर्षं. त्याच्या डोळ्यांसमोर कार्डाचा तो राखाडी प्लास्टिकचा तुकडा आला, त्यावर दादाच्या अक्षरात लिहिलेलं ‘दोघांचं’. दुपारी टोपीवाला मरत होता आणि पाच वाजता त्याच्यासाठी उठून बसत होता. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“म्हणजे तू मला फसवलंस,” तो म्हणाला.

“रडत होतास तू.”

“अकरा वर्षांचा होतो मी! सांगितलं असतंस तर रडलो असतो दोन दिवस आणि गप्प झालो असतो. तुला कुणी सांगितलं होतं माझ्या वतीने ठरवायला?” मग आणखी एक वाक्य आलं, नऊ वर्षं दातांमागे धरून ठेवलेलं. “बाबांच्या वेळीही तू हेच केलंस.”

फोनमध्ये खालून कुणीतरी ओरडलेलं ऐकू आलं, किती वेळ लागेल म्हणून. दादा म्हणाला, “हो.”

“हो काय?”

“हेच केलं. दुसरं काही सुचलं नाही मला. एकदा जमलं होतं, तेच पुन्हा केलं.”

“जमलं नव्हतं.”

“नाही जमलं,” दादा म्हणाला. “तेही कळलं होतं मला. पण उशिरा.” त्याचा श्वास ऐकू येत होता, जाड, वय झालेल्या माणसाचा. “आणि एक सांगू का. दोन्ही वेळा मी एकटाच होतो तिथे. तू नव्हतास ते बरं होतं, असं मी स्वतःला समजावत होतो. बरं काही नव्हतं.”

राग होता, अजून तसाच होता, पण आता तो दादाच्या अंगावर टाकायचा तर टपावर एकट्या बसलेल्या, हाताला ग्रीस लागलेल्या पंचेचाळिशीतल्या माणसावर टाकावा लागणार होता, आणि तिथे तो नीट बसेना. त्याने सोफ्यावरचा कंट्रोलर उचलला. फोन स्पीकरवर टाकला आणि डावीकडच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवला.

“थांब जरा,” तो म्हणाला. “ठेवू नकोस.”

“नाही ठेवत.”

तो पिवळ्या रेघेवरून गेला. घड्याळाचा मनोरा, गोदी, पुलाचं तोंड. टोपीवाला बुटांबद्दल बोलत होता. तेवढं एक वाक्य त्यांनी तसंच ठेवलं होतं, हे तीन दिवसांत पहिल्यांदा त्याच्या लक्षात आलं. पुलाच्या मध्यावर त्याने गाडी थांबवली. टोपीवाला उतरला. याने दार उघडलं, दाराचा तो आवाज झाला, आणि हात पुन्हा डावीकडे निघाले. त्याने ते निघालेले बघितले आणि थांबवले.

“उतरलाय तो,” तो म्हणाला. “तुझी पाळी आहे.”

“माझी पाळी कधीच झाली,” दादा म्हणाला. “तू दाब.”

टोपीवाला कठड्याला रेलला. इथनं गार वारा येतो बघ, म्हणाला. त्याने बटण दाबलं. आवाज फार मोठा आला नाही; नव्या गेममध्ये आवाज चांगले आहेत, मोकळ्या जागेत गोळीचा आवाज जेवढा यावा तेवढाच आला. टोपीवाला सावकाश खाली बसला, जणू थकला होता, आणि टोपी पडली. टोपीखाली त्याला टक्कल होतं. हे त्याला माहीत नव्हतं. इतकी वर्षं हा माणूस आपल्या शेजारी बसला आणि त्याला टक्कल आहे हे आपल्याला माहीत नव्हतं, एवढंच त्याच्या मनात पुन्हा पुन्हा येत राहिलं. डोळे भरून आले, आणि ते टोपीवाल्यासाठी भरलेले नाहीत हे त्याला पुरतं कळत होतं. पलंगाच्या लोखंडी पट्ट्यांवरून पाणी ठिबकत होतं.

“झालं?” खुर्चीवरून दादाने विचारलं.

“झालं.”

“मग आता गाडीत बस आणि निघ. थांबलास तर पोलीस येतात.” दादा खाकरला. “पुढे उतरायचं नाही कुठे. शेवटपर्यंत सगळं गाडीतलंच आहे. तुझंच.”

“तेव्हा सांगायचं होतंस,” तो म्हणाला. या वेळी आवाज चढला नाही.

“सांगायचं होतं,” दादा म्हणाला. “रविवारी ये. खाली लोक खोळंबलेत, ठेवतो.”

त्याने गाडी काढली. शेजारची जागा रिकामी होती. शहर मागे पडलं, ते एवढंसं शहर, आणि पहाटेच्या उजेडात एक लांब रस्ता सुरू झाला. ते कुठलं चित्र आहे हे त्याने लगेच ओळखलं. पिवळी रेघ इथे आपोआप नाहीशी झाली होती. दीड तास तो गाडी चालवत राहिला, एकदाही चुकला नाही, आणि पाटी आली तेव्हा पावणेचार झाले होते. मग तो लिहायला बसला.

पाचला पाच मिनिटं असताना संपादकबाई कागद हातात घेऊन आल्या आणि या वेळी चक्क आत आल्या. मांडणीवाली मागून डोकावत होती. “पहिलं वाक्य वाचलं मी,” बाई म्हणाल्या. “‘दहा वर्षांपूर्वी मी या गेमच्या शेवटाबद्दल जो लेख लिहिला, तो शेवट न पाहता लिहिला होता.’ हे असंच छापायचं?”

“असंच.”

“जुना लेख मग काढावा लागेल सोबतचा.”

“काढा.”

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. रागावायचं की नाही हे त्यांचं ठरत नव्हतं, आणि घड्याळ त्यांना ठरवूही देत नव्हतं. “ते आपण उद्या बोलू. सविस्तर बोलू,” त्या म्हणाल्या आणि चौकटीवर बोट ठेवलं. “आता हे सांग. फसलंय, एक: धुकं काढून टाकलं. बरं. दोन: वाट चुकायची सोय ठेवलेली नाही. तेही समजलं. तीन: दुसऱ्या खेळाडूची सोय नाही. अरे, एकट्याचा गेम आहे हा. मूळ गेममध्ये तरी कुठे होती ती?”

त्याने डावीकडच्या खुर्चीवरचा फोन उचलून खिशात टाकला.

“होती,” तो म्हणाला.